एका बाकड्याचा राज्यकारभार

वेल्समधल्या खेड्यातल्या कम्युनिटी कौन्सिलने आपली बैठक कुठे भरवावी, याबद्दल १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यात एक सुरेख तरतूद आहे. दारूविक्रीचा परवाना असलेल्या जागेत बैठक घ्यायची नाही. मात्र दुसरी योग्य जागा फुकटात किंवा रास्त भाड्यात मिळतच नसेल, तर चालेल. कायदा लिहिणाऱ्याने खेडं पाहिलं होतं, याला यापेक्षा भक्कम पुरावा नको. त्याला ठाऊक होतं की चॅपलला कुलूप लागलेलं असू शकतं, शाळा बंद पडून तिथे कुणी सुट्टीपुरतं राहायला येत असेल, गावच्या हॉलमध्ये नेमका त्याच संध्याकाळी योगासनांचा वर्ग असेल, आणि मग उरेल तो पब. आधी लोकशाही, मग शुचिता, पण शुचितेलाही एक संधी द्यायची, असा तो समजूतदार हिशेब आहे. दुर्दैवाने नंतरच्या पन्नास वर्षांत या कौन्सिलांसाठी जे नियम झाले, ते करणाऱ्यांनी खेडं बहुधा राजधानी कार्डिफमधल्या कचेरीच्या खिडकीतून पाहिलं असावं. कम्युनिटी कौन्सिल हा तिकडच्या विनोदाचा हुकमी विषय आहे: सात माणसं, एक क्लार्क आणि कुत्र्यांच्या घाणीवर पाऊण तास चर्चा. लोक हसतात ते कामाच्या आकाराला. माझ्या मते काम गावाच्या अगदी मापाचं आहे. हसू यावं असं माप आहे ते त्यावर चढवलेल्या नियमांच्या कपड्यांचं.

ही वस्तू काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांपुढे लगेच ग्रामपंचायत उभी राहते आणि घोटाळा होतो. ग्रामपंचायतीकडे पाणी आहे, गावातले रस्ते आहेत, घरपट्टी आहे, सरकारी योजना आहेत. कम्युनिटी कौन्सिलकडे यातलं जवळजवळ काही नाही. रस्ता कौंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, शाळा कौंटीची, कचरा कौंटीचा, पाणी कंपनीचं. उरली ती बाकडी, बसथांब्याची शेड, पायवाटेवरचे दिवे, दफनभूमी, मुलांचं खेळायचं मैदान, युद्धस्मारक आणि सूचनाफलक. सार्वजनिक घड्याळ लावायचा अधिकार मात्र १९५७ च्या कायद्याने खास दिलेला आहे, तेव्हा गावात काही नाही तरी वेळ कौन्सिलच्या ताब्यात असते. १९७४ साली जुन्या पॅरिश कौन्सिली जाऊन या आल्या. इंग्लंडात पॅरिश हे नाव अजून टिकून आहे, आणि स्कॉटलंडात कम्युनिटी कौन्सिल याच नावाची जी संस्था आहे तिला कर लावायचा अधिकारच नाही. वेल्समध्ये अशा सुमारे ७३० कौन्सिली आहेत आणि त्यांत सुमारे ८,००० जागा. वर २२ कौंटी कौन्सिली. खर्चाचा आकडा दरवर्षी कौंटीला कळवायचा, कौंटी तो घरोघरच्या कौन्सिल टॅक्समध्ये मिसळून वसूल करते. याला प्रिसेप्ट म्हणतात. लहान गावाचा प्रिसेप्ट वर्षाला काही हजार पौंडांचा असतो. बॅरी या शहराची कौन्सिलही याच जातीची. तिथे पन्नास हजारांवर लोक राहतात. दोनशे माणसांच्या डोंगरातल्या गावाला आणि बॅरीला कायदा एकच. तान्ह्या बाळाला आणि पैलवानाला एकाच मापाचा अंगरखा शिवावा, तसला हा प्रकार, आणि अंगरखा शिवताना माप पैलवानाचं घेतलेलं.

आता एक बाकडं घ्या. गावातल्या एका म्हाताऱ्या बाई वारल्या, त्यांच्या आठवणीसाठी चढावर बाकडं ठेवावं, अशी सूचना आली. सूचना चांगली, विरोध कुणाचाच नाही. पण ती आली ती दफनभूमीच्या गवतावर बोलताना, म्हणजे विषयपत्रिकेवर नसताना. आणि जो विषय तीन पूर्ण दिवस आधी सूचनाफलकावर लागलेला नाही, त्यावर ठराव करता येत नाही. तेव्हा पुढचा महिना. पुढच्या महिन्यात क्लार्क सांगते की रस्त्याकडेला बाकडं ठेवायचा अधिकार कौन्सिलला आहे, पण रस्ता ज्याचा त्याची संमती लागेल. रस्ता साधा असेल तर कौंटीची. पण गाव कार्डिफहून थेट उत्तरेच्या समुद्राकडे जाणाऱ्या ए ४७० वर असेल, तर तो ट्रंक रोड. त्याची मालकी वेल्स सरकारची. म्हणजे एका आजीच्या बाकड्यासाठी मंत्र्यांच्या खात्याला पत्र. तोवर तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवायची, कारण कौन्सिलच्या स्वतःच्या आर्थिक नियमांत तसं लिहिलेलं असतं. गावाच्या टापूत सुतार एकच असतो, ही बाब नियमांत लिहिलेली नसते. मग जागेवरून विमा, लाकडावरून देखभाल, आणि पाटीवरचा मजकूर आधी वेल्शमध्ये की आधी इंग्रजीत. हे सगळं होऊन ठराव मताला येतो त्या संध्याकाळी सातपैकी चार सदस्य हजर आहेत. त्यातला एक त्या बाईंचा भाचा. दुसऱ्याच्या शेताचं कुंपण बाकड्याच्या पाठीमागून जातं. दोघंही नियमाप्रमाणे हितसंबंध जाहीर करतात आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर जातात, बाहेर म्हणजे वेल्सच्या पावसात. आत उरतात दोन. कोरम एकतृतीयांशाचा, पण कुठल्याही परिस्थितीत तिघांच्या खाली नाही. विषय तहकूब. बाहेरच्या दोघांना आत बोलावलं जातं, ते पाय पुसतात, आणि सभा कुत्र्यांच्या घाणीकडे वळते. त्या विषयात कुणाचाच हितसंबंध नसतो, किंवा असला तरी कुणी जाहीर करत नाही.

हितसंबंधाचा नियम वाईट नाही. सदस्यांसाठी लेखी आचारसंहिता आहे, तिचा भंग झाला तर वेल्सच्या लोकपालाकडे तक्रार जाते, आणि असं असणं योग्यच आहे. पण त्या नियमाच्या पोटात एक गृहीत आहे: निर्णय घेणारा आणि ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तो, हे दोघं एरवी एकमेकांना ओळखत नसावेत. शहरात हे जमून जातं. ज्या गावात मेंढ्या माणसांपेक्षा जास्त आणि आडनावं माणसांपेक्षा फारच कमी, तिथे अनोळखी माणूस आणायचा कुठून? हॉलच्या समितीवर जे पाचजण, तेच मैदानाच्या समितीवर, तेच मेंढ्यांच्या प्रदर्शनात, आणि तेच कौन्सिलवर. ही गोष्ट नियमकर्त्यांच्याही एकदा लक्षात आली होती. संहितेत एक सूट आहे: गावातल्या स्वयंसेवी संस्थेला कौन्सिल ५०० पौंडांपर्यंत मदत देत असेल, तर तुम्ही त्या संस्थेत आहात म्हणून तुमचा हितसंबंध बाधक मानला जाणार नाही. म्हणजे खेड्यात सगळे सगळ्यांचे असतात हे सरकारला मान्य आहे, पण ५०० पौंडांपर्यंतच. पाचशे एकाव्या पौंडापासून तुम्ही एकमेकांना परके.

पूर्वी चेकवर दोन सदस्यांच्या सह्या असल्याच पाहिजेत असा कायदा होता. तो २०१४ साली उठला, म्हणजे बाकीची दुनिया फोनवरून पैसे पाठवायला लागल्यावर. खेड्यात दोन सह्या म्हणजे एका सदस्याकडून दुसऱ्याकडे चेकबुक घेऊन आठ मैलांची फेरी, तीही लोकरकापणीच्या दिवसांत. तो जाच संपला, तर बँकेची शाखाच गावातून गेली, आणि खात्यावरच्या सह्यांची नावं बदलणं हे आता बाकड्यापेक्षा लांबचं प्रकरण झालं आहे. २०१३ च्या कायद्याने कौन्सिलला आपली माहिती इंटरनेटवर ठेवणं भाग पडलं. २०२१ च्या कायद्याने बैठकीला दुरून, पडद्यावरून हजर राहता येईल अशी सोय करणं भाग पडलं. ज्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज मिळावी म्हणून खिडकीत उभं राहावं लागतं, तिथेसुद्धा. पडद्यावरच्या बैठकीने काय होऊ शकतं हे जगाने २०२१ च्या फेब्रुवारीत हॅन्डफर्थ पॅरिश कौन्सिलच्या भांडणाच्या चित्रफितीत पाहिलंच. ती पॅरिश इंग्लंडातल्या चेशरमधली होती, पण बदनामीला सरहद्द नसते. मग मानधन. प्रत्येक सदस्याला घरून काम करण्याचा वाढीव खर्च म्हणून वर्षाला १५६ पौंड, शिवाय कागद-शाईसाठी ५२ पौंड, अशी सोय मानधन ठरवणाऱ्या स्वतंत्र मंडळाने करून दिली. हेतू उदात्त: गरिबालाही सदस्य होता यावं. पण गावातल्या बाकड्यांच्या पैशातून आपल्या घरची वीज कोण घेणार? अनेकजण नको म्हणतात. तोंडी नको म्हणून चालत नाही; प्रत्येकाने लेखी नको म्हणायचं असतं, क्लार्कने ते फायलीत लावायचं, आणि एकूण किती दिले याचं निवेदन ३० सप्टेंबरच्या आत प्रसिद्ध करायचं. काहीच दिलं नसलं तरी काहीच दिलं नाही असं प्रसिद्ध करायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यात मसाल्याचं वार्षिक विवरणपत्र वेगळं. हे सगळं करणारी क्लार्क आठवड्याला काही तासांच्या पगारावर, बहुधा स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कायदेशीर सल्लागार, खजिनदार, लेखनिक आणि पोस्टमन अशा चार नोकऱ्या करत असते. ती सोडून गेली की कौन्सिलला पहिल्यांदा कळतं की आपण नेमकं काय करत होतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदार आहे: पैसा जनतेचा आहे, मग तो पाच हजार असो की पाच लाख, हिशेब हवाच. मान्य. लहान गावात पैसे खाल्ले जात नाहीत असं समजणं हा शहरी लोकांचा भाबडेपणा आहे. क्लार्कनेच पैसे लांबवल्याची प्रकरणं वेल्समध्ये झाली आहेत आणि महालेखापालांनी त्यावर जाहीर अहवाल काढले आहेत. पण ते अहवाल वाचले की दिसतं काय? नियमच नव्हते असं सहसा नसतं. नियम होते, ठराव होते, वार्षिक विवरणपत्रावर सही होती. सह्या करणाऱ्यांनी बँकेचं पासबुक मात्र पाहिलं नव्हतं. चाळीस पानांचे आर्थिक नियम समोर आले की माणूस सही करतो, वाचत नाही. एका पानाचे असते तर कदाचित वाचले असते. लेखापरीक्षणात अनेक कौन्सिलांवर दरवर्षी शेरे येतात, आणि त्यांतले कित्येक चोरीचे नसून तारीख चुकल्याचे, सूचना उशिरा लावल्याचे, रकाना रिकामा राहिल्याचे असतात. शंभर निरुपद्रवी शेऱ्यांत एक गंभीर शेरा बेमालूम लपतो. ज्याला खरोखर पैसे खायचे आहेत त्याला याहून चांगलं झाडोरं सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. या कौन्सिलांना लोकशाही म्हणायचंच कशाला, निवडणुका होतात कुठे? २०२२ च्या मे महिन्यात वेल्सभर मतदान होतं. कम्युनिटी कौन्सिलांच्या बहुसंख्य जागांवर मात्र लढत झालीच नाही, आणि बऱ्याच जागांना उमेदवारच मिळाला नाही. आपल्याकडे बिनविरोध म्हटलं की गुलाल उधळला जातो. २०२१ च्या जानेवारीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या बातम्यांवरून नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या होत्या. वेल्समध्ये लिलाव ठेवला, तर बोली उणे आकड्यांत लागेल. तिकडे बिनविरोध निवडून येणं म्हणजे बैठकीला गैरहजर राहणं. त्या संध्याकाळी जो येत नाही त्याच्या गळ्यात अध्यक्षपद. जागा रिकामी झाली की नोटीस लागते; ठरलेल्या मुदतीत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर कौन्सिलने स्वतःच कुणाला तरी स्वीकृत सदस्य करून घ्यायचं. दहा मतदार गोळा होत नाहीत, आणि झालेच तर पोटनिवडणुकीचा खर्च कौन्सिलच्याच माथी येऊ शकतो, हे गावाला माहीत असतं. आक्षेप इथवर खरा आहे. पण माणसं का येत नाहीत, हे विचारलं की बोट पुन्हा कपड्यांकडे वळतं. मुलांच्या मैदानावरचा झोका दुरुस्त करायला शनिवारी सकाळी दहा माणसं पाने-हातोडे घेऊन हजर होतात. तोच झोका कौन्सिलचा असल्याने सदस्य व्हा, आचारसंहितेवर सही करा, हितसंबंधांची नोंदवही भरा, प्रशिक्षण घ्या, लोकपालाच्या कक्षेत या, म्हटलं की त्याच दहाजणांना एकदम कामं आठवतात. आणि ज्या कौन्सिलांना या जाळ्यातून थोडी मोकळीक मिळावी म्हणून २०२१ च्या कायद्याने सर्वसाधारण अधिकार, म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळं कलम न शोधता काम करायची मुभा, देऊ केला, त्यासाठी अट घातली की दोनतृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत. स्वीकृत सदस्य त्यात धरत नाहीत. पोहता येत नाही म्हणून जो बुडतोय, त्याला दोरी टाकायची ती पोहण्याचं प्रमाणपत्र पाहून.

मग बंदच करून टाका, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे दाखला आहे. वेल्सच्या सुमारे ३० टक्के लोकांवर कुठलीच कम्युनिटी कौन्सिल नाही. कार्डिफच्या बहुतेक भागात नाही, मर्थर टिडफिलच्या बहुतेक भागात नाही, आणि तिथे काही बाकड्यांवाचून कुणी उभं राहिलेलं नाही. पण कार्डिफमध्ये कौंटीचं कार्यालय बसने गाठता येतं. पॉविस घ्या. १९७४ मध्ये तीन जुन्या कौंट्या एकत्र करून ती बनवली. क्षेत्रफळ वेल्सच्या जवळपास पाव, लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर. त्या वेळी निदान मधली डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती. १९९६ मध्ये तीही गेली. म्हणजे काटकसरीच्या नावाने एकत्रीकरण दोनदा होऊन गेलेलं आहे, आणि ते दरवेळी वरून झालं. उत्तरेकडच्या खोऱ्यातल्या माणसाला लॅन्ड्रिन्डॉडमधल्या कौंटीच्या कचेरीत जायचं तर अर्धा दिवस मोडतो. त्याच्याजवळ उरलेला सरकारचा शेवटचा तुकडा म्हणजे ही कौन्सिल. टेलिफोन कंपनीने लाल बूथ काढायला घेतले तेव्हा ते एका पौंडात दत्तक घ्या अशी योजना आली. एक पौंड फार नाही, पण तो मोजल्यावर बूथचा रंग, काच, आणि आत बसवलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी ही कायमची कुणाची तरी जबाबदारी होते. कौंटी ती घेणार नाही. उत्साही मंडळ घेईल आणि तीन वर्षांनी त्याचा चिटणीस स्पेनला राहायला जाईल. कौन्सिल मात्र कायद्याने सहजी मरत नाही. ती कंटाळवाणी आहे, पण कायम आहे, आणि त्या यंत्राच्या बॅटरीला कायम असलेलं कुणीतरी लागतं. ग्विनेदसारख्या भागात आणखी एक गोष्ट आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे देशात १७.८ टक्के निघाले, ग्विनेदमध्ये ६४.४. भाषा घरात आणि शाळेत टिकवायचे प्रयत्न पुष्कळ होतात, पण गटाराच्या दुरुस्तीवर, प्रिसेप्टच्या वाढीवर, शेजाऱ्याच्या नव्या गोठ्यावर त्या भाषेत अधिकृतपणे भांडायची जागा म्हणजे या कौन्सिलची बैठक. ज्या भाषेत गटाराचं इतिवृत्त लिहिता येतं ती भाषा अजून धडधाकट आहे.

तरीही त्यांच्या हातात काही नाही, हा शेवटचा टोमणा उरतोच. १७ सप्टेंबर २०२३ ला वेल्सभर वस्तीतल्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी २० मैल झाली आणि विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. कम्युनिटी कौन्सिलांचा त्यात सुतराम संबंध नव्हता. तरी शिव्या कुणाला? जो दुकानात दिसला त्या सदस्याला. नव्या बांधकामाच्या अर्जावर कौन्सिलचं मत मागवतात, सहसा २१ दिवसांत. बैठक महिन्यातून एकदा, ऑगस्टमध्ये तीही नाही. मत गेलं तरी ते मतच, कौंटीला बांधून घेत नाही. पण मंत्र्याला दुकानात गाठता येत नाही, कौंटीच्या अधिकाऱ्याला फोन केला तर गाणं ऐकू येतं. ज्याला काहीच करता येत नाही पण जो ऐकून घेतो, लिहून घेतो आणि पत्र धाडतो, असा माणूस सरकारच्या एवढ्या मोठ्या उतरंडीत दुसरा नाही. हे काम कुठल्याही विवरणपत्राच्या रकान्यात बसत नाही, म्हणून ते होतच नाही असा लेखापरीक्षकांचा समज आहे.

यावर उपाय फार खोल नाही. ५०० पौंडांची जी सूट आहे तोच धागा पुढे ओढावा: अमुक रकमेच्या खाली प्रिसेप्ट असलेल्या कौन्सिलला एका पानाचे नियम, एक हिशेबवही, बँकेचं विवरण हॉलच्या दारावर, आणि बाकड्यासाठी संमती मागितल्यावर महिन्यात उत्तर आलं नाही तर संमती आहे असं धरणं. अर्थात असा प्रस्ताव सरकारला आणायचा झाला, तर आधी त्यावर सर्व ७३० कौन्सिलांचं म्हणणं मागवावं लागेल, दोन्ही भाषांत, बारा आठवड्यांची मुदत देऊन. प्रत्येक क्लार्क तो छापून विषयपत्रिकेत घालील, तीन पूर्ण दिवस आधी फलकावर लावील. त्या रात्री तो अकरावा विषय असेल. साडेनऊ वाजून गेलेले असतील, हॉलची चावी दहाला परत करायची असेल, आणि इतिवृत्तात एक ओळ पडेल: पत्र वाचून दाखवले, नोंद घेतली.